दोन वर्षे न बोललेली गोष्ट



हा अंक घरात मोठ्याने वाचला जातो हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही तसाच वाचतात. पुतणी वाचते आणि म्हातारी वाल सोलत ऐकते. म्हणून हे लिहावे की नाही यातच बरेच दिवस गेले. शेवटी बायको म्हणाली, "लिहा तुम्ही. ज्यांना वाचायचं ते पोरं झोपल्यावर वाचतील." तेव्हा गोष्ट नवराबायकोच्या अंथरुणावरची आहे, हे आधीच सांगून टाकतो. संकोच वाटत असेल त्यांनी आत्ता पान मिटावे आणि रात्री उघडावे.

मी पेण तालुक्यातला, खाडीकाठचा भातशेतकरी. वय ४६. तीन वर्षांपूर्वी माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. कारण नवलाचे नाही. रक्तदाब वाढलेला आहे हे पस्तिशीतच एका शिबिरात कळले होते. गोळ्या दिल्या होत्या. त्या मी डोके दुखले की घ्यायचो, नाही दुखले की डबीत. लावणीत कंबर धरली की दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणायच्या आणि दोन-दोन घ्यायच्या, त्या मात्र कधी चुकवल्या नाहीत. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. पायांवर सूज आली, जेवणाची शिसारी आली, जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा तपासणी केली. तोवर मूत्रपिंडे आक्रसून गेली होती.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. डाव्या हातात मनगटाजवळ शिरेला धमनी जोडून दिली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. हात लावला तर आत भुंगा गुणगुणल्यासारखे लागते. त्यात दोन सुया घालतात, चार तास रक्त यंत्रातून फिरते, धुऊन परत अंगात येते. हे यंत्र पहिल्यांदा एका डच डॉक्टराने १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना बनवले. कोल्फ त्यांचे नाव. त्यांनी सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली होती. पहिले रोगी जवळजवळ सगळे दगावले, तरी त्या माणसाने हात टेकले नाहीत. त्यांच्या चिकाटीवर आज आम्ही जगतो आहोत. पैशाचे म्हणाल तर रेशनकार्डावर सरकारी योजनेत डायलिसिस होते. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. रोग्याच्या घरच्यांनी ही चौकशी पहिल्याच दिवशी करावी, आम्ही दोन महिने उशिरा केली आणि तेवढ्यात एक गाय गेली.

पथ्य सांगत बसत नाही. दिवसाला लिटरभर पाणी बायको तांब्याने मोजून देते. दारात माड आहेत, पण शहाळे वर्ज्य, कारण त्यात पोटॅशियम फार. भाजी उकळून पाणी फेकून द्यायचे. हे सारे अंगवळणी पडले. जे अंगवळणी पडले नाही ते आता सांगतो.

डायलिसिस सुरू होण्याच्या आधीपासूनच मला जाणवत होते की नवरा म्हणून माझ्या हातून काही होत नाही. इच्छा कधी असायची, कधी नसायची. असली तरी शरीर साथ देत नव्हते. ताठरता यायची नाही, आली तर टिकायची नाही. दोन-तीन वेळा असे झाले आणि मग मी प्रयत्नच सोडला. "दमलो" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. ओटीवर झोपायला लागलो. आत उकडते असे सांगितले. त्या दिवसांत थंडी पडली होती.

बायकोने एकदा विचारले, "माझं काही चुकलं का?" मी तिच्यावर खेकसलो. आजाऱ्याला असले प्रश्न विचारतात काय, म्हणून. ती गप्प बसली. तिने विचारणे सोडले त्याचे मला बरे वाटले, इतका मी गाढव होतो.

डॉक्टरांना सांगावे तर मूत्रपिंडाच्या आमच्या डॉक्टर बाई आहेत. त्यांच्यासमोर हे कसे बोलायचे? पायाची सूज, लघवीचे माप, जुलाब, ओकारी, सगळे सांगितले. हे नाही. मग ज्याला आपण तोंड दाखवत नाही अशा ठिकाणी माणूस जातो. रेल्वेने जाताना भिंतींवर चुन्याने लिहिलेले तुम्हीही वाचले असेल: मर्दानी कमजोरी, खात्रीचा इलाज. हमरस्त्याच्या कडेला एक तंबू लागला होता. बाटल्यांत मुळ्या, डब्यांत भस्मे. त्या माणसाने नाडी धरली, डोळे मिटले आणि साडेचार हजार घेतले. भाताचे आलेले पैसे होते, बायकोला खताचे देणे भागवले असे सांगितले.

दीड महिना ती भुकटी दुधातून घेतली. फरक पडला तो एवढाच की माझी दिवसाला दोन पेले लघवी होत असे, ती अर्धा पेला झाली. ज्याला डायलिसिस लागतो त्याला त्या दोन पेल्यांची किंमत विचारा. तेवढेच पाणी जास्त पिता येते. भुकटीनेच झाले असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या की असल्या भस्मांत शिसे, पारा सापडतो, आणि ज्याची मूत्रपिंडे बसली आहेत त्याच्या अंगातून तो बाहेर पडायला वाट नसते.

आता रोह्याच्या भाऊंबद्दल सांगतो. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांची परवानगी गोष्टीपुरती आहे. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, कुंडलिकेच्या काठी त्यांची थोडी शेती. मधुमेह जुना, त्यातच मूत्रपिंडे गेली. आमचे केंद्र पनवेलच्या बाजूला. ते रोह्याहून गाडीत बसायचे, मी पेणला चढायचो, आणि ते माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरायचे. केंद्रातही आमचे पलंग शेजारी. वर्षभर आठवड्याला तीन दिवस बरोबर, म्हणजे सख्ख्या भावाशी बोललो नसेन इतका त्यांच्याशी बोललो. भाताचे भाव, जिताड्याची पैदास, मुलांची लग्ने, राजकारण. पण ही एक गोष्ट दोघांच्याही तोंडून निघाली नाही.

मग एका सोमवारी रुमाल नव्हता. बुधवारीही नव्हता. डायलिसिसच्या खोलीत शेजारचा पलंग रिकामा दिसला तर कुणी कुणाला विचारत नाही. सगळे खाली बघतात. शुक्रवारी गाडी आली तर भाऊ खिडकीत बसलेले, रंग उडालेला. जाताना बोलले नाहीत. परतीच्या गाडीत आपटा स्टेशन गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मी मरता मरता वाचलो रे. आणि कशापायी, ते सांगायचीही चोरी."

त्यांनी कुणा मित्राकडून ऐकून दुकानातून ती निळी गोळी आणली होती. डॉक्टरांना न विचारता. रात्री घेतली. थोड्या वेळाने छातीत दाबल्यासारखे झाले. हृदयाचा त्रास त्यांना होताच, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी नेहमी खिशात असे. ती ठेवली. या दोन गोळ्या एकमेकींच्या वैरी आहेत. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, दोन्ही मिळून रक्तदाब असा खाली ओढतात की माणूस उठत नाही. मुलाने उचलून गाडीत घातले आणि वेळेत इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरने चारचारदा विचारले, आणखी काय घेतले होते? सून समोर उभी होती. भाऊंनी सांगितले नाही. मुलाला शेवटी उशीखाली पाकीट सापडले.

हे ऐकून मी म्हणालो, "भाऊ, माझंही तसंच आहे." भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मग आम्ही दोघे हसलो. का हसलो कोण जाणे. पेण येईपर्यंत मी सगळे सांगून टाकले, तंबूवाल्यासकट.

त्या रात्री मी ओटीवर गेलो नाही. बायकोला बसवून म्हटले, तुझे काही चुकलेले नाही, माझे शरीर असे झाले आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले." मी म्हटले, मग तूच उजवीकडून डावीकडे का झोपायला लागलीस, पाठ करून? मला वाटले माझ्या तोंडाला वास येतो म्हणून. या आजारात येतो तसा वास. ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या हाताला झोपेत माझा धक्का लागेल म्हणून!" फिस्टुलाचा हात. दोन वर्षे आम्ही दोघे एकमेकांचा असा अर्थ लावत होतो.

पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरीणबाईंसमोर मी पुन्हा गप्प. तिनेच विचारले. बाई जराही बिचकल्या नाहीत. म्हणाल्या, "डायलिसिसवर असलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा त्रास कमीजास्त असतोच. खरं तर मीच आधी विचारायला हवं होतं." निम्म्याहून अधिक! आमच्या खोलीत बारा पलंग आहेत. मी मनात मोजू लागलो.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले, आणि मला आमची उघाडी दिसली. खारभूमीतल्या वाचकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. खाडीच्या बांधात पाणी काढायला दार असते. भरतीच्या पाण्याचा दाब आला की त्या दाबानेच ते मिटते, ओहोटीला शेतातल्या पाण्याने उघडते. कुणी हात लावावा लागत नाही. पुरुषाच्या इंद्रियातही तसेच आहे. आत स्पंजासारखे दोन नळे असतात. इच्छा झाली की मज्जातंतूंमधून निरोप जातो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त जोराने स्पंजात भरते. भरलेल्या स्पंजाच्या दाबानेच रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा चेपून बंद होतात. रक्त आत अडते, म्हणून ताठरता टिकते.

मूत्रपिंडे गेली की या सगळ्यातच बिघाड होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना बसून त्या कडक होतात, चारीत गाळ बसावा तशा. अंगात साचलेल्या विषांनी आणि मधुमेहाने मज्जातंतू मंदावतात, निरोप नीट पोचत नाही. मूत्रपिंड रक्त वाढवणारा एक रस तयार करत असते, तो थांबतो आणि रक्त पातळ होते. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक कमी होते, आणि प्रोलॅक्टिन म्हणून दुसरे एक वाढते, ते इच्छाच मारते. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. आणि मन? ज्याला दर दोन दिवसांनी सुया टोचून घ्यायच्या आहेत, ज्याची नांगरट आता भाऊबंद करतात, त्याचे मन कुठे ताजे असणार? हे सगळे मी "पुरुषपण गेले" या दोन शब्दांत गुंडाळून ठेवले होते.

बाईंनी पहिल्यांदा गोळी दिली नाही. हृदयाचा आलेख काढला, एको केला. म्हणाल्या, या नसा अरुंद झाल्या असतील तर हृदयाच्याही झालेल्या असू शकतात, ते आधी बघू. रक्तात हिमोग्लोबिन साडेसात निघाले. रक्तवाढीची इंजेक्शने मी "बरे वाटते आहे" म्हणून मध्येच सोडली होती, ती पुन्हा सुरू झाली. रक्तदाबाची एक गोळी बदलली. ती मी आपल्या मनाने बंद केली असती तर झटका आला असता, हेही त्यांनी दरडावून सांगितले. टेस्टोस्टेरॉन तपासले, ते थोडेच कमी होते, म्हणून त्याचे औषध दिले नाही. आणि मग नर्सबाईने चहाडी केली: हे गृहस्थ गाडी चुकेल म्हणून अर्धा तास आधी सुया काढायला लावतात. खरे होते. अर्धा तास आधी निघालो की लवकरची गाडी मिळायची. बाईंनी हिशेब करून दाखवला, आठवड्याला दीड तास धुणे कमी. तेव्हापासून पुढच्या गाडीने येतो. घरी पोचायला अंधार पडतो.

तीन महिन्यांत अंगात थोडी उभारी आली. त्यानंतर गोळी मिळाली, सिल्डेनाफिल. तीच भाऊंची निळी गोळी, पण तपासून, आणि नेहमी सुरुवातीला देतात त्याच्या निम्म्या मात्रेची, २५ मिलिग्रॅमची. मूत्रपिंडे नसली की औषध अंगात जास्त वेळ राहते म्हणून. हे औषध मूळचे छातीच्या दुखण्यासाठी विलायतेत तपासत होते. तिथे ते फारसे उपयोगी पडले नाही, पण पुरुषांनी दुसराच गुण सांगितला, आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला या कामासाठी परवानगी मिळाली. मला अट अशी की डायलिसिसच्या दिवशी घ्यायची नाही, कारण त्या दिवशी रक्तदाब आधीच उतरलेला असतो. सॉर्बिट्रेटसारख्या औषधाबरोबर कधीच नाही. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्याही काही गोळ्यांशी तिचे जमत नाही, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतायच्या. आणि कधी छातीत दुखून इस्पितळात न्यावे लागले तर ही गोळी घेतली आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचे, मग समोर सून असो की व्याही. भाऊंना मात्र ही गोळी नाही म्हणजे नाही. त्यांच्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी हवेच्या पोकळीने रक्त खेचणारे एक साधन सांगितले आहे. ते त्याची थट्टा करतात, पण वापरतात असा माझा अंदाज आहे.

गुण किती आला, असे तुम्ही विचाराल. खरे सांगतो, दर वेळी येत नाही. तीन वेळांत एकदा-दोनदा. पण आता न आल्याने काही अडत नाही. बायको फिस्टुलाच्या हातावर कान ठेवून भुंगा ऐकते, चालू आहे ना ते बघते. मूत्रपिंड रोपण झाले तर बऱ्याच जणांचे हे दुखणे पुष्कळ सुधारते, सगळ्यांचे नाही. कायद्याने बायको नवऱ्याला मूत्रपिंड देऊ शकते. तिने तपासण्या करून घेतल्या, तर तिलाच रक्तदाब निघाला. तिचे नाव त्या कामातून कटाप झाले, पण तिची गोळी सुरू झाली. ती मात्र रोज घेते. तिला कुणाचे उदाहरण द्यावे लागत नाही.

आमच्या खोलीत तीन बायकाही आहेत. त्यांच्याबद्दल बाईंनी सहज सांगितले ते माझ्या डोक्यातून जात नाही. या आजारात बाईची पाळी बिघडते, इच्छा जाते, त्रास होतो, आणि तिला तर कुणीच विचारत नाही, नवरासुद्धा नाही. पुरुषासाठी निदान तंबू तरी असतो.

आपल्या मराठीत हे बोलायची सोय नाही असे कुणी म्हणेल. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, त्यात वाचक असेच प्रश्न विचारत आणि ते साध्या मराठीत छापून उत्तरे देत. त्याच साली आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढे त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले ते महाडच्या सत्याग्रहाचेच डॉक्टर आंबेडकर. खटला हरले. कर्व्यांनी मासिक बंद केले नाही, १९५३ साली वारले तोवर चालवले. इतक्या वर्षांपूर्वीच्या लोकांनी पोस्टाने विचारले, आणि मी डॉक्टरांच्या समोर बसून दोन वर्षे पायाची सूज दाखवत राहिलो.

गेल्या थंडीत भाऊंनी आम्हा दोघांना पोपटीला बोलावले. भांबुर्ड्याचा पाला, मडक्यात वालाच्या शेंगा, बाहेर जाळ. आम्हा दोघांना मोजून चार-चार शेंगा, आणि त्याही त्यांच्या सौभाग्यवतींनी हातात मोजून दिल्या. बायका आत बराच वेळ काही बोलत होत्या, हसत होत्या. आम्ही विचारले नाही.

सध्या गाडीत एक नवा मुलगा असतो. नागोठण्याला चढतो. एकोणतीस वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष झालेले. भाऊ त्याच्यासाठीही रुमाल टाकतात. तो फारसे बोलत नाही, खिडकीबाहेर बघत बसतो. त्या भिंती आल्या की वाचतो, हे मी पाहिले आहे. तंबूवाल्याची माझी गोष्ट मी त्याला साडेचार हजारांसकट सांगितली, तेव्हा हसला, पण कानापर्यंत लाल झाला. त्याने अजून काही विचारलेले नाही. या शुक्रवारी बायकोला बरोबर घेऊन ये, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, असे भाऊंनी त्याला सांगून ठेवले आहे.